व्हर्नाच्या ओसरीवरचा दवाखाना

"परत विचारते," व्हर्ना म्हणाली. "तुम्हाला व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलता येतं का?"

"येतं," आर्लिस म्हणाला.

"कुणाच्याही मदतीशिवाय?"

आर्लिसने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मदतीशिवाय कसं? फोन तर तूच धरतेस."

"मी धरते ते उद्या येणाऱ्या दवाखान्याच्या बाईला कशाला सांगायचं? तू नुसतं हो म्हण."

"खोटं बोलू?"

"खोटं काय त्यात? बोलता येतंच ना तुला? तोंड तुझंच असतं, माझं नाही."

आर्लिसने यावर थोडा विचार केला. जन्मभर कोळशाचे ट्रक हाकलेला माणूस, हाताचे पंजे फावड्याएवढे. फोनच्या काचेला त्याने एक बोट लावलं की तीन गोष्टी एकदम उघडायच्या आणि हवी ती बंद पडायची. म्हणून तो फोनला हातच लावत नसे.

"पुढचा प्रश्न. घरी इंटरनेट आहे का?"

"आहे."

"शाब्बास. कुणाच्या घरी, ते ती विचारणार नाही."

आमच्या पिजन फोर्कच्या खोऱ्यात इंटरनेट एकाच घरी होतं, आणि ते व्हर्नाचं. तिचं घर खोऱ्याच्या तोंडाशी. केबलवाले तिथवर आले, वरचा अरुंद रस्ता आणि वाकलेले खांब बघितले आणि हात टेकून परत गेले, ते गेलेच. बिल तिची ओहायोतली मुलगी भरायची. पण आमच्याकडे एकाच्या घरी विहीर असली की ती सगळ्यांची असते, तसंच या इंटरनेटचं झालं. नातवंडांची तोंडं बघायला, बेकारीचा अर्ज भरायला, आणि हल्ली कधीमधी डॉक्टरांशी बोलायला, सगळं खोरं व्हर्नाच्या ओसरीवर. ती शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर शेकड्याने पोरं जेवू घालून निवृत्त झालेली. माणसांच्या गर्दीला ती कंटाळत नसे, उलट गर्दी नसली की तिला करमत नसे.

तालुक्याच्या दवाखान्याकडून दुसऱ्या दिवशी रोंडा नावाची बाई येणार होती. घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टर भेटायला कोण कोण तयार आहे, याची ती पाहणी करणार होती. ज्याला जमत नाही त्याला दवाखाना मोडीत काढणार, असा व्हर्नाचा ठाम हिशोब होता. तो उगाच नव्हता. तिचा नवरा कॉय खाणीत राबून छातीत कोळसा भरून घेऊन घरी बसला, तेव्हा भरपाईसाठी त्यालाही असेच गोड आवाजात प्रश्न विचारले होते. घरी काही काम करता का, असं डॉक्टरने विचारलं. कॉय अभिमानी. तो म्हणाला, थोडी बाग बघतो. बाग म्हणजे खुर्ची टाकून टोमॅटोकडे बघत बसणं. पण तेवढ्यावर त्याचा दावा उडाला. तो मेला तेव्हाही तो कागदोपत्री धडधाकट होता. तेव्हापासून व्हर्नाने कानाला खडा लावला: कुणी प्रश्न विचारायला आलं की त्याला काय ऐकायचंय ते आधी ओळखायचं.

म्हणून तिने सगळ्यांना पढवलं. माझ्या नवऱ्यालाही, आणि मलाही. आम्ही शाळेतल्या पोरांसारखी उत्तरं पाठ केली आणि वर तिचे आभार मानले.

रोंडा आली ती चर्चच्या आवारात खुर्ची टाकून बसली. साठीच्या घरातली, पायांना सूज असलेली, सकाळपासून गाडी चालवून दमलेली बाई. सबंध तालुक्यासाठी ती एकटीच होती. मांडीवर टॅब ठेवून ती प्रत्येकाला आधी सांगायची, "यात बरोबर किंवा चूक असं उत्तर नाही हं." हे वाक्य आमच्याकडे ज्याने ज्याने म्हटलंय, त्याने आम्हाला बुडवलंय. आम्ही आणखीच सावध झालो.

आर्लिसची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "काका, मला एकदा करून दाखवता का?"

"फोन घरी राहिला. चार्जिंगला."

"बरं, तोंडी सांगा. लिंक आली की काय करता?"

"दाबतो."

"मग?"

"मग डॉक्टर येतो."

"आणि नाही आला तर?"

हा प्रश्न व्हर्नाने पढवलेला नव्हता. आर्लिसने एकवार तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तर वाट बघतो. डॉक्टरची वाट बघायला आम्हाला शिकवावं लागत नाही बाई."

रोंडा हसली आणि तिने टॅबवर बोट टेकवलं. उत्तरांचं पुढे काय होणार हे सांगायची तिला मनाई होती. आधी कळलं तर लोक सोयीचं उत्तर देतात, असं वरच्यांचं म्हणणं. निघताना ती व्हर्नाला म्हणाली, "तुमचं खोरं सगळ्यात पुढे निघालं हो. दुसरीकडे म्हाताऱ्यांना फोन सुरू कुठून करायचा तेही माहीत नाही." व्हर्नाने तिला तळलेली सफरचंदाची करंजी कागदात बांधून दिली. त्या संध्याकाळी व्हर्ना इतकी खुशीत होती की ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला तिने रोंडाचं वाक्य पुन्हा ऐकवलं.

पुढच्या गोष्टीचा खुलासा नर्स ग्लेंडाने केला. दवाखान्याची गाडी घेऊन ती एक गुरुवार सोडून चर्चपाशी यायची. धिप्पाड बाई, आवाज पोलिसासारखा. गाडीत पाऊल ठेवलं की पहिलं वाक्य, "बूट काढा." तुमचा कान दुखत असला तरी बूट काढा. आमच्याकडे घरटी एकाला साखरेचा आजार, आणि साखरेचा माणूस पायापासून मरतो, हे तिचं म्हणणं. ती पडदा ओढायची, एकेक बोट दिव्याखाली उघडून बघायची आणि मोज्याला भोक असलं तर आईवरून बोलायची.

त्या गुरुवारी तपासण्या आटोपल्यावर ती म्हणाली, "आज शेवटचं. गाडी आता डोंगरापलीकडे जाणार."

"का म्हणून?" व्हर्नाने विचारलं.

"तुम्ही सगळे तयार निघालात ना. ज्यांना व्हिडिओ जमत नाही त्यांच्याकडेच गाडी पाठवायची, असं ठरलंय."

"म्हणजे आम्ही जमत नाही म्हटलं असतं तर?"

"तर मी येत राहिले असते." ग्लेंडाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "व्हर्ना, काय करून ठेवलंस तू?"

व्हर्ना गाडीच्या पायरीवर मटकन बसली. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मी त्याआधी फक्त कॉयच्या मातीच्या दिवशी पाहिलं होतं.

खरं सांगून टाका, असं ग्लेंडा म्हणाली. पण डेन्झिलने शंका काढली. तो आमच्या चर्चमधला वडीलधारा, शब्दाला वजन असलेला. "सरकारी प्रश्नांना खोटी उत्तरं दिली म्हणून उद्या आपलं औषधपाणीच बंद केलं तर? तुरुंगात कोण जाणार? तू?" मग खरं सांगायचा विषय तिथेच मिटला.

शेवटी व्हर्नाच उठली. "गाडी गेली तर गेली," ती म्हणाली. "माझी ओसरी कुठे जातेय? मी आहे ना. कुणाचं काही राहणार नाही." ती हे आम्हाला सांगत नव्हती, स्वतःला बजावत होती.

आणि तिने ते खरं करून दाखवलं. ओसरीवर वजनकाटा आला, रक्तदाब बघायचं यंत्र आलं. ज्याची वेळ असेल त्याला ती आदल्या दिवशी वर जाऊन आठवण करून यायची, बसवायची, फोन डोळ्यांसमोर धरून उभी राहायची. दंड भरून आले तरी हात हलू द्यायची नाही. कुणाला लघवीचा त्रास, कुणाला दारूचा, कोण रात्ररात्र रडतं, कुणाच्या मनात बंदुकीचे विचार येतात, सगळं तिच्या कानांवरून जायचं. कुणाला काय झालंय हे देवाच्या खालोखाल व्हर्नाला ठाऊक, आणि देवाइतकीच ती गप्प.

आर्लिस मात्र दर खेपेला दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

"डॉक्टरला दाखवायला जातोयस की लग्नाला?" व्हर्ना विचारायची.

"डॉक्टर शहरातला आहे. त्याला वाटायला नको, इथे जंगली राहतात म्हणून."

डॉक्टर तरुण, बोलायला गोड. औषधं चालू आहेत का, चक्कर येते का, असं विचारून झालं की तो पायांवर यायचा.

"पाय कसे आहेत?"

"जमिनीवर आहेत."

"जखम, बधिरपणा? जरा बघू या का?"

"बघण्यासारखं काही नाही डॉक्टर."

"अरे काढ की बूट," व्हर्ना म्हणायची. "लाजतोस काय? मी तोंड फिरवते हवं तर."

"तोंड फिरवलंस तर फोन कुठे धरशील? झाडाकडे?"

डॉक्टर हसायचा. पुढचा पेशंट खोळंबलेला असायचा. "पुढच्या वेळी नक्की," असं म्हणून तो जायचा.

ग्लेंडासमोर बूट काढणं वेगळं. तिचं ते कामच होतं, आणि पडदा होता. इथे व्हर्ना होती. आर्लिसने लग्न केलं नव्हतं. कॉय गेल्यापासून दर हिवाळ्याच्या तोंडावर तो येऊन व्हर्नाची लाकडं फोडून, रचून द्यायचा आणि ती कॉफी घेऊन बाहेर येईपर्यंत निघूनही गेलेला असायचा. याचा अर्थ खोऱ्यातल्या कुत्र्यामांजरांनाही कळत होता, फक्त व्हर्नाला कळत नव्हता. किंवा तिने कळून घेतला नव्हता. अशा बाईसमोर माणूस दाढी करून जातो, पण नासलेली बोटं दाखवत नाही.

उन्हाळ्यात आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा रविवार असतो. वर्षातून एकदाच. प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस झाला की बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. कमरेला टॉवेल बांधून, पितळी घमेलं पुढ्यात घेऊन एकमेकांचे पाय धुवायचे, मिठी मारायची, रडायचं असेल तर रडायचं. वर्षभराची भांडणं त्या पाण्यात जातात. त्या दिवशी कुणी पाय पुढे केले नाहीत तर त्याचा अर्थ एकच: मनात किल्मिष आहे.

डेन्झिल घमेलं घेऊन आर्लिससमोर गुडघ्यांवर बसला. आर्लिसने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"भाऊ?" डेन्झिल म्हणाला.

"यंदा नको, डेन्झिलभाऊ."

"माझ्या हातून नको?"

"नकोच यंदा."

बायकांच्या बाजूला व्हर्नाच्या हातात माझा पाय होता, तो तिने तसाच धरून ठेवला. डेन्झिलचे कान लाल झाले. तो उठला, टॉवेल सोडला आणि बाहेर निघून गेला.

आठवडाभर खोऱ्याला दुसरा विषय नव्हता. डेन्झिलच्या कुत्र्याने आर्लिसच्या कोंबड्या मारल्या होत्या, ते कारण काढलं गेलं. कुणी म्हणालं, खाणीतल्या जुन्या संपातलं असेल. व्हर्ना तर चिडलीच. "म्हातारपणी कसला राग धरून बसलाय मेला," ती मला म्हणाली. "मरताना बरोबर नेणार आहे का?" शेवटी डेन्झिलच मोठ्या मनाने चार जणांना घेऊन आर्लिसच्या घरी गेला आणि त्याने कोंबड्यांबद्दल माफी मागितली. माझा नवराही गेला होता. आर्लिसने दारातच उभं राहून डेन्झिलला मिठी मारली, माफ केलं म्हणाला, पण आत या म्हणाला नाही. सगळे डोळे पुसत परतले. दिलजमाई झाली म्हणून चर्चमध्ये प्रार्थनाही झाली. एका माणसाने पाय का लपवले, याचं कारण त्याच्या पायात असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानंतरच्या भेटीला आर्लिस आला तो काठी टेकत. दाढी केलेली, पण गालावर दोन ठिकाणी कापलेलं. उकाडा मरणाचा होता. व्हर्नाने त्याला खुर्चीत बसवलं, फोन लावला, डॉक्टर आला. आणि फोन धरता धरता तिच्या नाकात वास गेला.

कॉयच्या शेवटच्या महिन्यांत तिने त्याच्या पाठीच्या जखमा धुतल्या होत्या. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आर्लिस, बूट काढ."

"डॉक्टर बोलतोय ना."

"बोलू दे. बूट काढ."

"व्हर्ना, राहू दे गं," आर्लिस म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

तिने फोन शेजारच्या खुर्चीवर टाकला आणि त्याच्यासमोर खाली बसली. बुटाच्या नाड्या सैल सोडलेल्या होत्या, तरी बूट निघेना. तिने तो कात्रीने कापला. मोजा कातडीला चिकटला होता. आत करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं काळी पडली होती आणि तळव्यावर एक भोक होतं, ज्यात तिचा अंगठा गेला असता. त्याला ते दुखत नव्हतं. हेच वाईट होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बागेतल्या खिळ्यावर पडला पाय. वसंतात."

"वसंतात. आणि तू दर खेपेला इथे येऊन म्हणतोस, जमिनीवर आहेत."

आर्लिस दुसरीकडे बघत होता. त्याच्या गळ्याशी इस्त्रीची कॉलर घामाने चिकटली होती. खुर्चीवरून डॉक्टरचा आवाज येत होता. "हॅलो? मला चित्र दिसत नाहीये. तुम्ही कॅमेरा जरा वर कराल का?"

हॉस्पिटल डोंगर ओलांडून पलीकडे. व्हर्नाने माझ्या नवऱ्याला हाक मारली, आम्ही तिघांनी मिळून त्याला ट्रकमध्ये चढवलं. वाटभर तो पाय चादरीखाली झाकून घेत होता. चादर सरकली की ओढायचा. व्हर्ना शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती, कारण त्याला तेच हवं होतं. तिथे आधी पाय घोट्यापासून कापला, मग विष चढलं म्हणून गुडघ्याच्या वर. परत आणायची सोयच राहिली नाही. तिकडच्याच एका वृद्धाश्रमात त्याला ठेवलं.

व्हर्नाने घरी येऊन सगळ्यात आधी रोंडाला फोन केला. मी तिथेच होते.

"मी सगळ्यांना पढवलं," ती म्हणाली. "एकालाही येत नाही. फोन माझा, हात माझे. तुरुंगात घालायचं तर मला घाला."

रोंडा म्हणाली, "तुरुंग कसला व्हर्नाबाई. मी तरी कुठे नीट विचारलं? सगळ्यांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी होती. मला वाटलं, हुशार लोक आहेत." तिचाही आवाज बसला होता. तिने पुन्हा येऊन पाहणी करायचं कबूल केलं आणि आलीही. या वेळी कुणी कुणाला शिकवलं नाही. डेन्झिल सगळ्यांत आधी गेला आणि मोठ्याने म्हणाला, "मला यातलं काही येत नाही." एवढं वाक्य बोलायला त्याला किती जड गेलं ते त्याच्या मानेवरच्या शिरांनी सांगितलं. पानगळ सुरू झाली तेव्हा ग्लेंडाची गाडी परत यायला लागली. व्हर्ना तिच्याकडे जाऊन बूट काढायची. झाल्या गोष्टीवरून ग्लेंडा तिला बोलायची नाही. एकदा तिने व्हर्नाचा पाय नुसताच हातात धरून ठेवला, तेव्हा व्हर्ना रडली.

आर्लिसला व्हर्नाने एक फोन पाठवून दिला होता. दर रविवारी, चर्च सुटल्यावर, ती ओसरीवरून लावायची. आश्रमातली कामाची मुलगी बटण दाबून फोन त्याच्या हातात द्यायची आणि दुसऱ्या कामाला जायची. पुढचं आर्लिसचं राज्य. दिसायचं ते छत. पांढऱ्या फरशा, एक दिवा, कधी त्याचा कान, कधी नुसता अंगठा. आवाज मात्र स्वच्छ यायचा.

"दिसतोय ना मी नीट?"

"दिसतोयस," व्हर्ना म्हणायची.

"दाढी केलीय आज."

"बघतेय ना. छान वाटतंय."

"जमलं बघ मला शेवटी. कुणाच्याही मदतीशिवाय."

"जमलं तुला."

मी तिला एकदा म्हटलं, अगं, सांग ना त्याला फोन खाली धर म्हणून. ती म्हणाली, "नको. राहू दे." मग ती आणि ते छत, दोघं अर्धा-पाऊण तास बोलत बसायचे. लाकडं कुणी फोडली, डेन्झिलचा कुत्रा कसा आहे, सोयाबीनच्या शेतात हरणं आली का. ती फोन हातात सरळ धरून बसायची, म्हणजे तिकडे तिचा चेहरा मधोमध दिसावा. त्याला तो दिसत होता की नाही, कोण जाणे.

बर्फ पडायला लागल्यावर दुसऱ्या पायाचं सुरू झालं. बोलणं कमी झालं. छताखाली नुसता श्वास ऐकू यायचा, तरी ती बसायची.

मग एका रविवारी तिने फोन लावला आणि चित्र सरळ आलं. मधोमध आर्लिसचा चेहरा. उशीवर डोकं, केस ओले करून विंचरलेले, दाढी गुळगुळीत, कुठेही कापलेलं नाही. डोळे अर्धवट उघडे. चित्र जराही हलत नव्हतं. बाजूने कुणाचे तरी तरुण गोरे अंगठे कडेला दिसत होते.

व्हर्नाने फोन दोन्ही हातांनी धरला, मी खालून आधार दिला. आर्लिसचे ओठ हलले. काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही, फोन धरणाऱ्या मुलीने सांगितलं. "ते विचारतायत, दिसतोय का म्हणून."

"दिसतोयस, आर्लिस," व्हर्ना म्हणाली. "आज अगदी नीट दिसतोयस."